पाळीवरची वाट कच्चीच राहू द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया आणि भंडारा
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, गोंदिया आणि भंडारा
मा. क्षेत्र संचालक, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प
तसेच दोन्ही जिल्ह्यांतील ग्रामसभा आणि मच्छीमार सहकारी संस्था

सविनय नमस्कार.

आपल्या दोन जिल्ह्यांत सायकल पर्यटन वाढवायचे असेल तर त्यासाठी नवा रस्ता बांधू नका, ही विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. लागतात त्या वाटा इथे आहेतच. तलावाच्या पाळीवरची, म्हणजे मातीच्या बांधावरची वाट, नहराच्या (कालव्याच्या) कडेचा मुरुमाचा रस्ता, दोन शिवारांमधली पांदण, वणवा अडवायला वनखात्याने साफ ठेवलेली जाळरेषा, तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीकडे जाणारी बंडीवाट, म्हणजे बैलगाडीची वाट. या एकमेकींना जोडल्या तर साकोलीकडून निघालेला माणूस डांबरी रस्त्याला अधूनमधून टेकत थेट गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या बाजूला उतरू शकेल. या वाटा कच्च्याच ठेवाव्यात, त्यांची नीट निगा राखावी, त्यांना खुणा आणि नकाशा द्यावा, आणि कोणती वाट केव्हा उघडी आणि केव्हा बंद हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या गावाच्या ग्रामसभेला द्यावा. एवढेच मागणे आहे. पुढे जे लिहितो ते याच मागण्याची कारणे म्हणून वाचावे.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. सायकल लहानपणापासून चालवतो. गेल्या काही वर्षांत नागपूरहून येणाऱ्या सायकलस्वारांबरोबर इथल्या कच्च्या रस्त्यांवर फिरतो, त्यांना वाटा दाखवतो. या प्रकाराला जगभर ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत गिट्टी-मुरुमाच्या रस्त्यावरची सायकल. सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, वाकड्या हँडलची. पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद आणि हवा बेताची, म्हणजे खडबडीत जमिनीवर चाक उडत नाही. डोंगरावरून उड्या मारत उतरण्याचा हा खेळ नव्हे. दिवसभर संथपणे, गाड्यांच्या गर्दीपासून दूर, गावागावांतून लांब जाण्याचा आहे. २०२२ साली इटलीच्या व्हेनेतो प्रांतात या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पण शर्यत करणारे त्यात मूठभर. बाकीच्यांना हवी असते चांगली वाट, झाडे, पाणी, कुठेतरी चहा आणि संध्याकाळी झोपायला स्वच्छ जागा. अशी माणसे आज पुण्याहून, नागपूरहून, हैदराबादहून गाडीवर सायकली बांधून फिरतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांना ट्रकच्या कडेनेच सायकल चालवावी लागते.

आपल्याकडे त्यांना काय मिळू शकते ते आपल्यालाच पुरते उमगलेले नाही. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १९९९ साली त्यातून गोंदिया वेगळा झाला आणि निम्मी ओळख तिकडे गेली. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांकडे असलेले तलाव, ज्यांना आपण सारे मामा तलाव म्हणतो, साडेसहा-सात हजारांच्या घरात आहेत. बोड्या, म्हणजे लहान तळी, वेगळ्याच. गोंड राजांच्या काळात जो जंगल साफ करून तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, अशी रीत होती असे सांगतात, आणि कोहळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली. नवेगावबांध हे त्यांचे सर्वांत मोठे काम. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या मधल्या खिंडी बांधाने अडवल्या आणि जवळपास अकरा चौरस किलोमीटर पाणी उभे राहिले. कोलू पाटलाने तो बांधला असे परंपरा सांगते. लोकांनी पुढे त्याला कोलासूर म्हणून देवच केले. सिरेगावबांध, शिवनीबांध ही त्याच परंपरेतली कामे. मोजमापाची आजची कुठलीही साधने हाताशी नसताना पाणी कुठून येईल, कुठे थांबेल आणि जास्तीचे कुठून निघून जाईल हे त्या लोकांनी जमिनीकडे पाहून ओळखले. त्यामुळे तलाव, त्याखालचे धान आणि वरचे जंगल हे इथे एकाच रचनेचे तीन भाग आहेत, आणि त्यांच्या सांध्यावरून जाते ती पाळ.

पाळ म्हणजे काय ते नागपूरच्या पाहुण्यांना सांगून कळत नाही, त्यावरून न्यावे लागते. उंची दोन-तीन पुरुष, माथ्याची रुंदी जेमतेम एक बंडी जाईल एवढी. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली उतरत गेलेली धानाची खाचरे. कडेने जांभूळ, मोह, अर्जुन, करंज. अर्जुनाच्या मुळांनीच माती धरून ठेवलेली असते. पाण्याच्या बाजूला ती मुळे बोटे रोवल्यासारखी दिसतात. मध्ये कुठेतरी तुडुम येतो, शेताला पाणी सोडायची जागा. दगडी पायऱ्यांची ती रचना पाण्यात उतरत जाते, पायरीपायरीला भोक, आणि पाणी जसे खाली जाईल तसे एकेक भोक उघडायचे. टोकाला सलंग, तलाव भरला की तिथून पाणी आपोआप वाहून जाते. माथ्यावरचा मुरूम वर्षानुवर्षे माणसे, जनावरे आणि बंड्यांनी दाबलेला, म्हणून तो डांबरापेक्षा जरा मऊ आणि मातीपेक्षा बराच कठीण. त्यावरून चाळीस मिलिमीटरचा टायर जातो तेव्हा बारीक सरसर आवाज येतो, त्यापलीकडे काही नाही. हिवाळ्यात सकाळी त्या वाटेने गेलात तर पाण्यावर अडई, काणूक, तलवार बदके दिसतात, कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत असतो, आणि यातले काहीही उडून जात नाही. तीच वाट मोटारसायकलने करा, सगळा तलाव उठतो.

आता जे पाहिले ते लिहितो. गावाचे नाव लिहीत नाही. एका तलावाची पाळ सुशोभीकरणात गेली. माथ्यावर पेव्हर ब्लॉक बसले, पाण्याच्या बाजूला लोखंडी कठडा आला, ब्लॉक सरळ बसावेत म्हणून जुन्या अर्जुनांची मुळे जेसीबीने तोडली, आणि शेवटी गावाच्या नावाची मोठी अक्षरे दिव्यांसह उभी राहिली. दुसऱ्याच पावसाळ्यात मुळे तुटलेल्या जागी माती खचली आणि ब्लॉक वाकडेतिकडे झाले. सावलीतल्या ब्लॉकांवर शेवाळ धरले, त्यावरून सायकल तर सोडाच, म्हाताऱ्या बायका पाण्याला जायला घाबरतात. बैल तिथून चालायला मागत नाहीत. खर्च झाला, तलावाचा गाळ मात्र तसाच राहिला आणि बेशरमाची झुडपे पाण्यात आणखी आत सरकली. हे काम करणाऱ्यांच्या मनात वाईट काही होते असे मी म्हणत नाही. पण पर्यटन म्हटले की हेच करायचे, असा एक ठोकळा तयार झाला आहे आणि तो एकेका पाळीवर आणून ठेवला जातो आहे. तो इथेच थांबवावा, अशी कळकळीची विनंती.

याचा अर्थ गावांना पक्के रस्ते नकोत असा कुणी घेऊ नये. टोल्यावरच्या, म्हणजे गावापासून दूरच्या वस्तीवरच्या बाईला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचे तर डांबरी रस्ताच हवा, आणि तो अजून सगळीकडे पोहोचलेला नाही. गावाला गाव जोडणारा रस्ता पक्का करा, लवकर करा. मी बोलतो आहे ते पाळीबद्दल, नहरकाठाबद्दल, पांदणीबद्दल आणि जंगलातल्या वाटांबद्दल; जिथे गाडीने जायचे कारण नाही आणि जिथे गाडी आली तर नुकसानच आहे.

कच्ची वाट ठेवायची म्हणजे सोडून द्यायची असे नाही, उलट तिला दरवर्षी हात लावावा लागतो. इथे पाऊस तेराशे-चौदाशे मिलिमीटर पडतो. मधोमध थोडा उंच आणि कडांना उतरता असा मुरूम दाबला, बाजूची नाली मोकळी ठेवली आणि ओढ्यावर साधा रपटा, म्हणजे बुटका फरशी-पूल दिला, तर वाट पावसाळा काढते. पाणी वाटेवरून वाहू लागले की एका हंगामात तिचा ओहोळ होतो. सगळ्यांत वाईट म्हणजे अर्धवट काम. मोठी गिट्टी आणून पसरायची आणि वरचा मुरूम, रोलर पुढच्या निधीवर ठेवायचा, असे किती पांदणींवर झाले आहे ते शेतकऱ्यांना विचारा. त्या सैल गिट्टीवर सायकल चालत नाही, बैलाचे खूर फुटतात आणि ट्रॅक्टर शेजारच्या धुऱ्यावर चढवावा लागतो. त्यापेक्षा काहीच केले नसते तर बरे, असे लोक उघड म्हणतात. मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून जी कामे होतात त्यांत एवढी एकच अट घातली, की गिट्टी पडली त्याच हंगामात मुरूम टाकून दाबून झाला पाहिजे, तरी शेतकऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे काम एकाच पैशात होईल.

मातीचेही ऐकावे लागेल. कन्हार जमिनीतून जाणारी पांदण पावसानंतर चार दिवस तरी चाकाला सोडत नाही. काळा चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मोरांड त्या मानाने लवकर वाळते. सिहार आणि बरड जमिनीवर पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी जाता येते. गावातला कुठलाही शेतकरी आपल्या शिवारातली कोणती वाट कशी आहे हे सांगू शकतो. हे नकाशावर यायला हवे, कारण उपग्रहाच्या चित्रात सगळ्या वाटा सारख्याच पिवळ्या दिसतात.

एक मार्ग मी उदाहरण म्हणून मांडतो. तो फार विचार करून निवडलेला आहे. गोंदिया-बल्लारशा रेल्वेवरचे देवलगाव हे नवेगावबांधला सर्वांत जवळचे स्थानक. सायकल घेऊन तिथे उतरायचे. नवेगावबांधच्या पाण्याच्या ज्या बाजूला राष्ट्रीय उद्यान नाही त्या बाजूने, गावातून, सिरेगावबांधकडे जायचे. तिथून शेतांमधल्या पांदणींनी गोठणगावच्या दिशेने, जिथे गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. जवळच प्रतापगड, महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते आणि त्याच डोंगराच्या आसऱ्याला ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही आहे, दोन्हीकडे जाणारी माणसे पुष्कळदा तीच असतात. शेजारी १९७२ साली वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी लोकांची वसाहत. धानाच्या बांध्यांमधून जाताना वाऱ्यावर फडफडणाऱ्या प्रार्थनेच्या पताका दिसतात आणि पाहुणा थबकतो. तिथून पुढे इटियाडोहच्या नहराच्या कडेने वडशाच्या दिशेला उतार आहे. दिवाळीनंतर गेलात तर वाटेतल्या निम्म्या गावांत मंडई, म्हणजे गावची जत्रा असते आणि रात्री झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याचे नाटक. वडसा तर या रंगभूमीचे माहेरच. दिवसभर सायकल चालवून रात्री तंबूतल्या सतरंजीवर बसून नाटक पाहावे, पहाटे शेकोटीशी चहा घ्यावा आणि परत निघावे, असा प्रवास महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे करता येईल ते मला सुचत नाही.

आता जिथे जाऊ नये त्याबद्दल. हे मी सायकलवाला म्हणून आधी लिहितो, म्हणजे वनखात्याला आम्हाला सांगावे लागू नये.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली झाला. गाभा क्षेत्र साडेसहाशे चौरस किलोमीटरच्या थोडे वर, आणि तेही एकसंध नाही. नवेगाव एकीकडे, नागझिरा दुसरीकडे, मधून राष्ट्रीय महामार्ग गेलेला. कान्ह्याकडून ताडोब्याकडे वाघाने जायचे तर या तुकड्यांमधून, गाभ्याभोवतीच्या बफरमधून आणि गावांच्या झुडपी जंगलातूनच जावे लागते. २०२३मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, त्या या जागेवर विश्वास ठेवूनच. त्यामुळे गाभ्यात सायकल नको. कुठल्याही सबबीखाली नको, अधिकाऱ्यांच्या परवानगीने निघालेली रॅलीसुद्धा नको. बफरमधल्या वाटा सूर्योदयानंतर तासाभराने उघडाव्यात आणि सूर्यास्ताच्या बरेच आधी बंद व्हाव्यात. एकट्याने जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम पुरे आहे. मार्चमध्ये मोह पडू लागला की पहाटेपासून बायका-माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात आणि अस्वलेही तिथेच येतात. पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता. ते दिवस जंगलावर पोट असणाऱ्यांचे आहेत, तेव्हा फिरायला येणाऱ्याने तिकडे फिरकू नये. तसेही एप्रिलनंतर बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत सायकल चालवणे शहाणपणाचे नाही.

सारसांचे वेगळे सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात सारस आता प्रामुख्याने गोंदियात उरला आहे, थोडा भंडाऱ्यात, आणि वैनगंगा-वाघ नदीपलीकडे बालाघाटात. माणसाच्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात चक्क धानाच्या बांधीत किंवा उथळ बोडीत घरटे करतो, सहसा दोन अंडी घालतो, आणि शेतकरी तेवढा तुकडा सोडून कापणी करतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये या पक्ष्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. गोंदिया तालुक्यातल्या परसवाडा, झिलमिली भागात सारस पाहायला आधीच गर्दी होते. त्या तलावांच्या वाटा या सायकलमार्गांत घेऊच नयेत. सारसाचे घरटे जिथे असेल तो मार्ग पावसाळ्यात आणि पिले उडेपर्यंत नकाशावरून पुसून टाकावा, फक्त बंदची पाटी लावू नये. पाटी म्हणजे आमंत्रणच ठरते.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट डोळ्यांसमोर असते. या वाटांवर सायकल चालवणारे खरे लोक आम्ही नाही. मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या मुली रोज सकाळी याच पाळीवरून, याच पांदणीने शाळेत जातात. दप्तर कॅरिअरला, ओढणी गाठ मारून, तिघी-चौघी एका ओळीत. पावसाळ्यात पांदण वाहून गेली की त्यांची शाळा बुडते किंवा महामार्गाने लांबून जावे लागते. पहाटे मासळीचे डबे बांधून बाजाराला निघणारे ढिवर बांधव याच वाटेने येतात, दूधवाले याच वाटेने. सायकलमार्ग आखायचा म्हणजे आधी यांची वाट नीट करायची. पाहुणा त्यांच्यामागून जाईल. मार्ग कुठून न्यायचा हा प्रश्न पडला तर कुठल्याही सल्लागाराआधी आठवीतल्या मुलींना विचारावे. कुठे चिखल होतो, कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे झाडी दाट आणि भीती वाटते, हे त्या अचूक सांगतील.

आणि पैसा. सायकलवरचा पाहुणा गाडीवाल्यापेक्षा हळू जातो, म्हणून जास्त ठिकाणी थांबतो. त्याला भूक लागते. नागझिरा पाहायला येणारा माणूस प्रवेशद्वाराजवळच्या रिसॉर्टवर उतरतो, सफारी करतो आणि जातो. मधल्या गावात त्याचा एक रुपयाही पडत नाही. सायकलवाला मात्र तलावाकाठी उकडलेले शिंगाडे विकत घेईल, गरम भात, लाखोरीची भाजी आणि तळलेली मासळी खाईल, पंक्चर काढून घेईल, रात्री कुणाच्या पडवीत झोपेल. पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे. तिची नोंदणी या गावांतल्या बचतगटांना सोपी करून द्या. वाटेचा जो काही उपकर घ्यायचा तो तलावाच्या मच्छीमार संस्थेत आणि ग्रामसभेच्या खात्यात जाऊ द्या. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपल्या जंगलाची व्यवस्था पाहण्याचा अधिकार तर आहेच. ढिवर समाजाच्या काही गटांनी, त्यांत बायका पुढे, गेल्या काही वर्षांत तलावांतला बेशरम उपटून काढला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत यायची वाट मोकळी केली. त्या कामाला दरवर्षी लागणारा थोडा पैसा या वाटेवरून येत असेल तर यापेक्षा चांगला उपयोग कोणता?

बाहेरचे एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्याशी फार जुळते. चेकियाच्या दक्षिणेला त्रेबोन नावाचा भाग आहे. तिथेही सपाट, पाणथळ, जंगलाचा मुलूख. तिथेही शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी बांधलेले मातीच्या पाळींचे तलाव. त्यांतला सर्वांत मोठा रोझम्बेर्क १५८४ ते १५९० या काळात बांधला गेला आणि आजही त्यात मासे पाळले जातात. शरद ऋतूत तो उपसून मासेमारी होते, ती पाहायला गर्दी जमते. जुने ओक वृक्ष असलेल्या त्या पाळींवरून आणि मधल्या जंगलांतून सायकलचे मार्ग खुणा करून दिलेले आहेत आणि देशोदेशींचे लोक तिथे सायकली घेऊन जातात. १९७७पासून तो प्रदेश युनेस्कोच्या जीवावरण क्षेत्रांत आहे, म्हणजे राखण आणि फिरणे दोन्ही एकत्र चालते. रोझम्बेर्कचे पाणी पाच चौरस किलोमीटरच्या आत आहे. आपला नवेगावबांध त्याच्या दुप्पट.

अडचण कुठे आहे तेही आपल्याला माहीत आहे. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. त्यानंतर एकाच तलावाचे किती धनी झाले ते पाहा: शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचा तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठा दुसऱ्या खात्याकडे, मासळी संस्थेच्या ठेक्यावर, वरचे जंगल वनखात्याचे, नहर पाटबंधाऱ्याचा, पांदण महसुलाच्या नोंदीत आणि तिच्यावरचे काम ग्रामपंचायतीचे. पूर्वी तुडुम उघडायचा, पाट साफ करायचा, पाळीवर माती टाकायची हे गाव बसून ठरवत असे. आता पाळीवर एक दगडी खूण रोवायची तर कुणाला विचारायचे हेच ठरत नाही. आम्ही काही जणांनी एका छोट्या वाटेसाठी लेखी परवानगी मागितली होती. एका टेबलाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि शेवटी तोंडी सांगण्यात आले की जा, कुणी अडवणार नाही. नंतर नाक्यावर अडवलेच. अडवणाऱ्या वनरक्षकाची काही चूक नव्हती, त्याच्या हातात लिहिलेला नियम नव्हता. नियम असता तर त्याचाही वेळ वाचला असता आणि आमचाही.

म्हणून दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी या सर्व खात्यांना एकदा एका टेबलावर बसवावे. बैठकीत मच्छीमार संस्था आणि ग्रामसभांचे लोक पाहुणे म्हणून नव्हे तर मत देणारे म्हणून असावेत. महाराष्ट्राचे साहसी पर्यटन धोरण २०२१पासून लागू आहे, सुरक्षिततेच्या अटी त्यात आहेत; त्या आधाराने सायकलवाटांसाठी दोन पानांचा नियम होऊ शकतो. त्यात काय असावे याचा आमचा आग्रह थोडाच आहे. पाळीवर मोटारवाहन बंद, शेतीच्या कामाचे सोडून. ड्रोन बंद. ध्वनिक्षेपक लावून शेकडोंची रॅली बंद. एका दिवशी एका वाटेवर किती सायकली, हे ग्रामसभेने ठरवावे. फलक फ्लेक्सचे नकोत, गावातल्याच दगडावर रंगाची खूण पुरे. मोबाईलचे नेटवर्क जिथे जाते तिथे पुढचे गाव किती दूर आणि १०८ला फोन कुठून लागेल एवढे लिहिलेले असावे. पाळीवरचे एकही झाड तोडू नये. आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली पाळीवर सिमेंट किंवा ब्लॉक घालायचे असतील तर आधी ग्रामसभेचा ठराव आणि जलसंधारणाच्या अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. सुशोभीकरणासाठी निधी आलाच असेल तर तो गाळ काढायला वळवावा; गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तो गाळ शेतात जाईल, तलाव खोल होईल, आणि कडेची वाट आपोआप नीट राहील.

सुरुवात मोठी नको. देवलगाव ते इटियाडोह एवढा एकच मार्ग या पावसाळ्यानंतर घ्यावा. सप्टेंबरात मार्गावरच्या ग्रामसभांचे ठराव व्हावेत, ऑक्टोबरात वनरक्षक, तलाठी, ढिवर संस्थेचा एक माणूस आणि शाळेतल्या दोन मुली यांनी मिळून तो मार्ग चालून पाहावा, बंद ठेवायचे तुकडे तिथेच ठरावेत, आणि धान कापून झाले की नोव्हेंबरात तो उघडावा. फेब्रुवारीच्या शेवटी बंद करून हिशेब ग्रामसभेत वाचावा: किती आले, किती पैसे कुणाला मिळाले, पक्ष्यांवर काही परिणाम दिसला का, कुठे वाट खराब झाली. तो हिशेब वाईट निघाला तर दुसरा मार्ग काढू नये.

आमच्याकडे या भागातल्या वाटांच्या नोंदी आहेत: कुठली माती, कुठे रपटा हवा, कुठे पाणी प्यायला मिळते, कुठून आत जाऊ नये. त्या सर्व, कुठलाही मोबदला न घेता, आपल्या कार्यालयांना आणि ग्रामसभांना देण्याची तयारी आहे. बैठकीची तारीख कळवावी, आम्ही सायकलनेच येऊ.

आपला नम्र,
अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एक सायकलस्वार